आम्हांस कोणी विचारले?

नौबादेतील आमच्या जुन्या मराठी घरांत पंगत लग्नाची असो वा श्राद्धाची, जेवणे आटोपून सुपारीचे तबक फिरू लागले की एक वाक्य हमखास कानी पडते : "छप्पन्न साली आम्हांस कोणी विचारले?" हे वाक्य बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म १९५६ नंतरचा असतो. आमचाही तसाच. तरीही घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांप्रमाणे ही तक्रार आम्हांस वारशाने मिळालेली आहे, आणि वारशाच्या वस्तूची पारख सहसा कोणी करीत नाही. ती करून पाहावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

तक्रारीमागची हकिकत थोडक्यात सांगतो. हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्हा मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांचा होता. कोणत्याही एका भाषेचे लोक निम्म्यावर नव्हते. मराठी बोलणारे संख्येने सर्वांत अधिक, तथापि बहुमतात नव्हते. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. बीदर जिल्हा तेलंगणाच्या जिल्ह्यांसह उरलेल्या हैदराबाद राज्यातच ठेवावा, असे त्यात म्हटले होते. ही शिफारस आज फार थोड्यांस आठवते. पुढल्या वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने निराळेच केले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यास गेले. नारायणखेड आणि निर्णा सर्कल वगळून जहीराबाद आंध्र प्रदेशास गेले, बीदर तालुक्यातले न्यालकल सर्कलही तिकडेच गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि संतपूर, म्हणजे आजचे औराद, हे म्हैसूर राज्यास आले. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी उदगीरला दिलेली लेक परराज्यात गेलेली होती. आमच्या एका आत्याबाईंची गोष्ट हीच.

आमची सारी नोकरी महसुलात झाली, त्यामुळे 'सर्कल' या शब्दाचे वजन आम्ही जाणतो. सर्कल म्हणजे पंधरा-वीस-पंचवीस गावांची महसुली मोट. ज्या कायद्यात तालुका मोडून सर्कल इकडचे तिकडे केलेले आहे, तो कायदा घाईने झाला असे म्हणता येत नाही. कोणीतरी नकाशावर बारकाईने बोट फिरवले होते. मात्र त्या बोटाखाली राहणाऱ्यांची मतपेटी मांडली गेली नाही, हेही तितकेच खरे. मतपेट्या, मतदारयाद्या आणि प्रौढ मताधिकार या तिन्ही गोष्टी १९५२ च्या निवडणुकीपासून हाताशी होत्या. साधन नव्हते म्हणून विचारले नाही, असे कोणास म्हणता येणार नाही.

न विचारण्याचे कारण घटनेत आहे. तिसऱ्या कलमान्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. संबंधित विधानमंडळाचे मत राष्ट्रपतींनी मागवायचे, ते ठराविक मुदतीत आले तर आले. १९५५ च्या दुरुस्तीने ही मुदतीची अट घातली गेली. विधानमंडळाची संमती लागत नाही, मग गावाची कोठून लागणार? घटनेत सार्वमताची तरतूदच नाही. १९७८ साली जनता सरकारने घटनेच्या काही मूलभूत गोष्टी बदलण्यापूर्वी लोकांचा प्रत्यक्ष कौल घ्यावा असे कलम सुचविले होते. लोकसभेने ते मान्य केले आणि राज्यसभेने गाळले. त्यानंतर तो विषय गंभीरपणे पुढे आला नाही.

परंतु भारताने लोकांस कधीच विचारले नाही, असेही नाही. जुनागढात फेब्रुवारी १९४८ मध्ये मतदान झाले. सुमारे १,९०,००० मतांपैकी पाकिस्तानच्या बाजूस ९१ पडली. चंद्रनगरात जून १९४९ मध्ये ७,४७३ विरुद्ध ११४ अशा मतांनी भारतात येण्याचे ठरले. सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ मध्ये राजेपद रद्द करणे आणि भारतात सामील होणे या दोन बाबी एकाच प्रश्नात गुंफून लोकांपुढे ठेवल्या गेल्या. आमच्या हैदराबादच्या बाबतीतही १९४८ च्या वाटाघाटींत सार्वमताचा मुद्दा निघाला होता. वाटाघाटी फिसकटल्या, सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, आणि तो मुद्दा तेथेच राहिला. या यादीत एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जेथे उत्तर काय येणार हे आधीच ठाऊक होते, तेथे विचारणे सोपे होते. उत्तर खरोखरच ठाऊक नसताना स्वतंत्र भारताने प्रश्न विचारल्याचे मोठे उदाहरण एकच, ते गोव्याचे. आम्हां मराठी लोकांस ते जिव्हारी लागलेले असल्याने त्यावर आपण फारसे बोलत नाही. म्हणून येथे थोडे विस्ताराने बोलतो.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १४ जागा मिळाल्या आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, त्यास १२ जागा. निवडणुकीचा निकाल हाच विलीनीकरणाचा कौल, असे एका बाजूचे म्हणणे. निवडणूक सरकारासाठी असते, मायभूमीचे भवितव्य तिच्यात ठरत नाही, असे दुसऱ्या बाजूचे. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने खास कायदा केला. गोवेकर ज्यास ओपिनियन पोल म्हणतात, तो हा. निःपक्षपाती कारभाराखाली मतदान व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सरकारी नोकर म्हणून या गोष्टीचे आम्हांस विशेष अगत्य वाटते. जो पक्ष एका पर्यायाचा कैवारी आहे, त्याच्याच हाताखालील नोकरवर्गाने मतपेट्या सांभाळाव्यात हे बरे दिसत नाही, एवढे त्या काळी सर्वांस पटले होते.

मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणास फूल, संघप्रदेश राहण्यास दोन पाने. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. शंभरांपैकी ब्याऐंशीच्या आसपास मतदार बाहेर पडले. दोन पानांस १,७२,१९१ मते, फुलास १,३८,१७०. अंतर ३४,०२१. मुंबईस राहणाऱ्या हजारो गोवेकरांस मत नव्हते.

या आकड्यांपेक्षा आम्हांस विचारात पाडते ती भाषेची गोष्ट. विलीनीकरणाच्या बाजूने दैनिक 'गोमंतक' लिहीत होते आणि विरोधात दैनिक 'राष्ट्रमत'. हे 'राष्ट्रमत' मराठीत निघत असे. त्यातील उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर, ज्याने विलीनीकरणाची बाजू खिळखिळी केली, तेही मराठीतच. मराठीत कीर्तन ऐकणारा, मराठीत हिशेब लिहिणारा आणि मराठी वृत्तपत्र वाचणारा मनुष्य त्याच मराठीतून महाराष्ट्रात न जाण्याची कारणे वाचतो, ती त्यास पटतात, आणि तो दोन पानांवर शिक्का मारतो. विरोधकांचा आधार मोठ्या प्रमाणावर कोकणी बोलणारा आणि ख्रिस्ती समाज होता हे खरेच. परंतु हिंदू मतदारांतील बराच मोठा भाग सोबत आल्यावाचून ३४,००० चे अंतर पडत नाही. भाषा आणि राज्य यांची सांगड आम्ही जन्मजात धरून चालतो. गोव्याच्या मतदाराने ती मुकाट्याने सोडवून दाखविली.

त्याहून गंमत पुढची. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांस पुन्हा निवडून दिले. जानेवारीत ज्यांचे मागणे नाकारले, मार्चमध्ये त्यांच्याच हाती राज्य. वरवर पाहता हा चंचलपणा वाटेल. आम्हांस मात्र येथे मतदाराचे शहाणपण दिसते. दोन प्रश्न वेगळे विचारले, म्हणून दोन वेगळी उत्तरे मिळाली. १९६३ साली एकाच मतात दोन्ही प्रश्न कोंबले गेले होते. आणि तिसरा पर्याय, म्हणजे गोव्याचे स्वतंत्र राज्य, तर मतपत्रिकेवर नव्हताच. तो ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला, कोणासही न विचारता.

आता आमच्या सीमाभागाकडे वळू. येथील चळवळीची चतुःसूत्री आपणांस तोंडपाठ आहे : खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा निवाडा करताना ह. वि. पाटसकर यांनी खेडे हा घटक धरला. त्यावरून १९५९ साली कायदा झाला आणि गावे इकडची तिकडे गेली. महाराष्ट्राने बेळगाव, कारवार, बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, यांबाबत हाच न्याय मागितला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. न्या. महाजन हे १९४७ साली काश्मीरचे पंतप्रधान होते. सार्वमताचे आश्वासन म्हणजे काय प्रकरण असते, हे त्यांच्याइतके जवळून थोड्यांनी पाहिले असेल. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात त्यांनी बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले, २६४ गावे महाराष्ट्रास आणि २४७ गावे कर्नाटकास द्यावीत असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. कर्नाटक त्यावरच ठाम आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि वीस वर्षे उलटून गेली तरी त्याचा अंतिम निकाल लागलेला नाही.

ऑक्टोबर १९६६ आणि जानेवारी १९६७ या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच हिवाळ्यात, एकाच केंद्र सरकारने, गोव्यात लोकांस विचारले आणि बेळगाव-बीदरच्या बाबतीत न्यायाधीशास. पक्षपात झाला, अशी आमच्यातील अनेकांची भावना आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु येथे एक अडचणीचा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. गोव्यात घटक कोणता धरला होता? अख्खा गोवा. मतांची बेरीज एकत्र झाली. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत कल फुलाकडे होता, तर सासष्टीने दोन पानांच्या पारड्यात मतांची रास ओतली. चतुःसूत्रीतील पहिले सूत्र तेथे लावले असते, तर पेडणे महाराष्ट्रात आणि मडगाव संघप्रदेशात, अशी गोव्याची चिरफळी झाली असती. ती आपणांस चालली असती काय? आणि अख्खा बेळगाव जिल्हा हा एक घटक धरून कौल घेतला असता, तर आपण तो मानला असता काय? मोजण्याआधी माप ठरवावे लागते, आणि ते ठरविणारा बव्हंशी निकालही ठरवून जातो. १९४७ च्या जुलैमध्ये सिल्हेट जिल्ह्यात सार्वमत झाले, जिल्हा पाकिस्तानच्या बाजूने गेला. तरी करीमगंजकडील काही ठाणी रॅडक्लिफच्या रेषेने भारतात राहिली. तेथे लोकांस विचारण्याचे माप एक होते आणि कापण्याचे दुसरे.

हे कोडे पुष्कळ अंशी सोडविणारा देश एक आहे, स्वित्झर्लंड. तेथील बर्न हा प्रांत मुख्यतः जर्मन भाषिकांचा. १८१५ साली त्यास ज्यूरा हा फ्रेंच भाषिक डोंगरी मुलूख जोडला गेला, न विचारताच. तेथील लोकांनी आपल्यासारखीच पिढ्यान्पिढ्या तक्रार केली. अखेर २३ जून १९७४ रोजी सबंध ज्यूरास विचारले, वेगळा प्रांत हवा का? थोड्या मताधिक्याने होकार आला. परंतु तेथे थांबले नाहीत. ज्या तालुक्यांत नकार अधिक होता, त्यांस १९७५ च्या मार्चमध्ये पुन्हा विचारले, तुम्हांस बर्नमध्ये राहायचे आहे का? दक्षिणेकडील तिघांनी राहायचे म्हटले. मग हद्दीवरील गावांस एकेक करून विचारले. १ जानेवारी १९७९ रोजी नवा प्रांत अस्तित्वात आला. म्हणजे तेथे आधी मुलूख, मग तालुका, मग गाव अशी तिन्ही मापे पाळीपाळीने लावली. दक्षिणेकडील ते तीन तालुकेही फ्रेंच भाषिकच होते, पण पंथाने प्रोटेस्टंट. गोव्याची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट.

एवढे करूनही सारे सुरळीत झाले, असे समजू नये. मूतिये नावाच्या गावाने २०१७ साली १३७ मतांच्या अंतराने ज्यूरात जाण्याचे ठरविले, ते मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झाले. २०२१ च्या मार्चमध्ये पुन्हा मतदान होऊन ३७४ मतांनी तोच निर्णय आला आणि हस्तांतराची तारीख १ जानेवारी २०२६ ठरली. सबंध मुलखास विचारल्यापासून एका गावाचा प्रश्न मिटण्यास पन्नास वर्षांहून अधिक लागली. तीही अशा देशात, जेथील माणसास वर्षातून तीन-चार वेळा कसला ना कसला कौल देण्याची सवय आहे.

सवयीचा विषय निघाला म्हणून आमचा एक अनुभव. १९९३ च्या पंचायत राज कायद्यानंतर ग्रामसभांस देखरेखीसाठी जाण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे होते. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. प्रत्यक्ष लोकशाही आमच्या देशात कायद्याने कोठे असेल, तर येथे. एका गावी गेलो, तर मारुतीच्या पारावर नऊ माणसे आणि एक शेळी. गणसंख्या भरेना. तासाभराने सचिवाने ठरावाची वही शिपायाकडे दिली, ती घरोघर फिरली आणि सायंकाळी परत आली तेव्हा गणसंख्या पूर्ण झालेली होती. ठराव एकमताने संमत. आम्ही तो अहवालात तसाच वर पाठविला, हे कबूल करतो. वरून शाबासकी आली नाही, ठपकाही आला नाही.

अशा वह्यांतील ठराव मग राजकारणात शस्त्र होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या गावांचे जुने ठराव पुढे केले. आम्हांस कर्नाटकात घ्या, असे त्यांत होते. ते ठराव दुष्काळात, पाण्यासाठी केलेले. आमच्या शेजारच्या धर्माबाद-बिलोली भागातूनही २०१८ नंतर तेलंगणात जाण्याची भाषा ऐकू आली, तिच्या मुळाशी शेतकऱ्यांस आणि निराधारांस तिकडे मिळणारे पैसे होते. यास लोकेच्छा म्हणावे की नाही? ज्याच्या विहिरीस पाणी नाही, त्यास आपण भाषेचा अभिमान शिकवू नये. पण पाऊस पडल्यावर तीच इच्छा टिकते का, हेही पाहावे लागेल.

महाराष्ट्रात मात्र प्रत्यक्ष कौलाचा एक प्रकार खरोखर रुजला आहे, तो आडव्या बाटलीचा. गावातील वा प्रभागातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान होते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. झालेल्या मतांचे बहुमत पुरत नाही, नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस लागतात. न आलेली बाई उभ्या बाटलीकडे धरली जाते, ही अट जाचक आहे, आणि तरीही कित्येक गावांतील स्त्रियांनी ती पार केली आहे. येथे प्रश्न एक आहे, स्पष्ट आहे, मत देणारीस निकालाची झळ दुसऱ्याच दिवशी लागणार आहे. राज्याच्या सीमेच्या प्रश्नास असे सोपे रूप येत नाही.

आता वारशाच्या तक्रारीकडे परत येतो. दोन वर्षांपूर्वी जुन्या घराचा माळा साफ करताना आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एका निवेदनाची कार्बन प्रत सापडली. राज्य पुनर्रचना आयोगास लिहिलेली. बीदर जिल्हा मोडू नये, मोडणेच भाग असेल तर आमचा भाग मराठवाड्यासोबत ठेवावा, असा आशय. आयोगाकडे देशभरातून १,५२,२५० निवेदने आणि पत्रे आली होती आणि ९,००० हून अधिक लोकांस त्यांनी प्रत्यक्ष ऐकले होते. म्हणजे आम्हांस कोणी विचारलेच नाही, हे अक्षरशः खरे नव्हे. दाद मागण्यास वाट होती आणि आमच्या आजोबांनी ती धरली होती.

त्या प्रतीखाली एकतीस सह्या आहेत. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, दोन वकील, एक सावकार. काही सह्या मोडीत, दोन उर्दूत. आम्ही त्या सह्या दोन-तीनदा पाहिल्या. त्यांत अंगठा एकही नाही. स्त्रीचे नाव एकही नाही. ज्या गड्यांनी आमची शेते कसली, त्यांच्यातल्या एकाचेही नाव नाही. १९५२ साली त्या सर्वांनी मत दिलेले होते, त्यांची नावे मतदारयादीत होती. त्यांस विचारावे असे सरकारास वाटले नाही, तसे आमच्या आजोबांसही वाटले नाही. त्यांनी काय सांगितले असते, हे आता कळण्यास मार्ग नाही. कदाचित तेही मराठवाडाच म्हणाले असते. कदाचित ज्या राज्यात कुळाची जमीन लवकर नावावर होईल, ते राज्य म्हणाले असते.

आज विचारले तर? घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने आलेल्या ३७१-जे कलमामुळे आमच्या भागातील मुलांस येथील नोकऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांत राखीव जागा आहेत. आमच्याच घरातील एक पुतण्या त्या जागेवर अभियंता झाला. दुसरा पुण्यास आहे, भाची हैदराबादेस. पुतण्या घरात मराठी, कचेरीत कानडी आणि चौकात दखनी बोलतो आणि तिन्हींत सारखाच भांडतो. त्यास मतपत्रिका दिली तर तो शिक्का कोठे मारील, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हटले तरी चालेल.

वाचकांस एक विनंती. १९५४-५५ च्या निवेदनांच्या अशा प्रती नौबाद, भालकी, हुमनाबाद, औराद येथील इतर घरांतही असणार. त्या मंडळाकडे आणून द्याव्यात, छायाप्रत काढून मूळ कागद परत केला जाईल. आमच्या घरातील प्रत आम्ही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. सह्यांचे शेवटचे पान वाळवीने किंचित खाल्ले आहे, तरी नावे वाचता येतात.